बरणीतली माय

लोणचं मुरायला वर्ष लागतं, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक असतं. पुस्तक मुरायलाही वर्षच लागतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मात्र साऱ्या वऱ्हाडात एकच होता, कामरगावचे दौलतराव. बेचाळीस साली ते तुरुंगात गेले देशासाठी आणि बाहेर आले बंगाली शिकून. कोठडीतल्या सोबत्याने वेळ जावा म्हणून शिकवली, यांना तिचं वेडच लागलं. जमीनजुमला होता, मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेली. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारातला मॅनेजरचा बंगला त्यांच्या वाट्याला आला होता. त्यात त्यांनी एकाहत्तर साली भाषांतर करणाऱ्यांसाठी निवास उघडला. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, लिहायला उतरतं मेज आणि मधल्या दिवाणखान्यात सहा भाषांच्या पुस्तकांचं ग्रंथालय. अट एकच, आलेल्याने परभाषेतलं पुस्तक मराठीत आणायचं आणि घाई करायची नाही. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि दौलतराव शब्दकोश मागवत होते. गावाने त्यांना पोटभर हसून घेतलं. हसायला काही दुष्काळ आडवा येत नाही.

बरण्यांची गोष्ट पहिल्या उन्हाळ्यातली. नागपूरहून आलेल्या एका प्राध्यापकाचा अर्धा खर्डा वाळवीने फस्त केला. तेव्हा दौलतरावांनी लोणच्याच्या मोठ्या चिनी मातीच्या बरण्या आणवल्या. कच्चा खर्डा झाला की गुंडाळी करून बरणीत घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं, फडक्यावर नाव. पुस्तकांच्या कपाटांखाली बरण्यांची रांग लागली. नवखा माणूस आला की त्याला वाटायचं, आपण चुकून कोठीघरात शिरलो. गरजेपोटी केलेल्या गोष्टीला माणूस मागाहून तत्त्वज्ञान चिकटवतो, तसं दौलतरावांनीही चिकटवलं. "आज लिहिलेलं वाक्य आज गोडच लागतं," ते म्हणायचे. "वर्षाने फडकं सोडा, मग कळेल मुरलंय की नासलंय."

आणि मग तो नियमच झाला. खर्डा वर्षभर बरणीत. मग पुन्हा सगळं नव्याने लिहायचं आणि पुन्हा वर्षभर बरणीत. मग पक्की प्रत. ती दौलतरावांच्या पसंतीस उतरली की मोठी गंमत व्हायची. पहिला कच्चा खर्डा बंबात घालून पाणी तापवायचं, त्या पाण्याने भाषांतरकाराने आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे आणि सगळ्यांनी पुरणपोळी खायची. याला निवासात खर्ड्याची आंघोळ म्हणत. म्हणत एवढंच, कारण सुरुवातीची कित्येक वर्षं ती कोणी केलीच नाही. दौलतरावांची स्वतःची बरणी सगळ्यांत जुनी. दर वर्षी ते फडकं सोडायचे, वाचायचे, मान हलवायचे आणि पुन्हा बांधायचे.

अशा या निवासात शेषराव आला, तो बाहत्तरच्या उन्हाळ्याच्या सुटीत.

शेषराव मंगरूळपीरला शाळामास्तर. लहानपणी मराठी शाळेत त्याला दाराबाहेर, चपलांच्या शेजारी बसवत. दर्ग्यामागच्या गल्लीत एक म्हातारे मौलवी घरी पोरं शिकवायचे, त्यांनी त्याला आत सतरंजीवर घेतलं. जिथे बसायला मिळालं तिथली भाषा पोराने घेतली. असा तो उर्दू शिकला. पुढे छप्पन साली त्यांचं सारं घर बौद्ध झालं, शेषराव शिकत राहिला, मास्तर झाला. मराठी त्याने मागाहून कमावली, दातओठ खाऊन. कुठे लाल शाईची खूण दिसली की त्याला अजून दाराबाहेरच्या चपला आठवायच्या. आपल्या लिहिण्यात कोणाला बोट ठेवायला जागा मिळू नये, ही त्याच्या जिवाची एकच धडपड. माणसाला असली एखादी धडपड फार उंच नेते. खड्ड्यात घालायची झाली तर तीच घालते.

त्याला निवासात धाडलं ते उकंडरावाने. हा उकंडराव मंगरूळपीरलाच आपल्या विधवा लेकीकडे, तुळसाबाईकडे राहायचा. सत्तरीचा, कुणबी, अंगाने काटक. त्याची माय पैनगंगेच्या अलीकडची, वऱ्हाडातली. पण दिली होती पलीकडे, मोगलाईत, निजामाच्या मुलखात. तिकडे सरकारी भाषा उर्दू, म्हणून पोरगा उर्दू शिकला आणि तीच लिहीत राहिला. बालबोध अक्षर त्याच्या डोळ्यांना कधी रुळलंच नाही. एसटीची पाटी वाचून होईस्तोवर एसटी निघून जायची. ऐन तारुण्यात, माय वारली तेव्हा, त्याने तिच्यावर एक कादंबरी लिहिली. ती हैदराबादेत छापली गेली, चार लोकांनी वाहवा केली, पुढे छापखानाही गेला आणि ते राज्यही गेलं. एक प्रत उकंडरावाच्या पेटीत राहिली.

"मास्तर, माह्याच्यानं एक पाप झालं हाय," तो एके दिवशी ओट्यावर शेषरावाला म्हणाला. "माह्या मायनं जल्मात वऱ्हाडीशिवाय बोली केली नाई. अन् माह्या किताबीत थे मले, पोटच्या पोट्ट्याले, बरखुरदार म्हनते. काय करतो? मले दुसरं लिवताच येत नवतं. मेल्या बाईच्या तोंडात मी परकी जबान घातली. थे आता तू कामरगावच्या थ्या बरन्यावाल्या बंगल्यात बसून काढ."

"काढतो ना बाबाजी," शेषराव म्हणाला. "घाई काय हाय?"

"घाई हाय." उकंडरावाने कानावर बोट ठेवलं. "अकोल्याच्या डाक्तरनं सांगतलं, नसा वायून राह्यल्या म्हने. तीन-चार साल चालतीन, मंग बंद. डोये हायेत, पन तुमची अक्षरं मले वाचता येत नाईत. कान हायेत तवरोक मले मायची बोली आयकाची हाय. मंग थे किताब तुमी बरनीत घाला नाईतर चुलीत घाला."

म्हातारा बोलून गेला. बोलणाऱ्याला कुठे ठाऊक असतं.

शेषरावाने कामरगावला खोली घेतली, मेजावर ती उर्दू प्रत उघडली आणि कामाची एक रीत स्वतःच शोधून काढली. उर्दू वाक्य वाचायचं, डोळे मिटायचे आणि ठरवायचं, हे आपली माय कसं म्हणाली असती. त्याची माय गंगूबाई अजून होती. दिवसभर शेतात निंदण करून यायची आणि चुलीपुढे बसून साऱ्या जगाला फैलावर घ्यायची. तिचे हेल, तिच्या शिव्या, तिचं मध्येच थांबणं, सगळं शेषरावाने उचललं. एका मायची बोली दुसऱ्या मायला दिली. पानं अशी सरसर उतरत गेली की त्याला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

कच्चा खर्डा निवासाबाहेर न्यायचा नाही, हाही एक नियम होता. शेषरावाने तो एकदाच मोडला. पहिल्या प्रकरणाची पानं पिशवीत घालून तो मंगरूळपीरला आला आणि सकाळच्या उन्हात उकंडरावाच्या ओट्यावर बसून त्याने वाचायला सुरुवात केली. पोरगा हिंगोलीच्या शाळेत निघतो, माय फडक्यात भाकर बांधून देते, तो प्रसंग होता. म्हातारा कानामागे हात धरून ऐकत होता.

"'जाय बाप्पा,'" शेषरावाने वाचलं. "'थ्या लोकाइची बोली शिकजो. पन भूक लागली का मले आपल्याच बोलीत हाक मारजो.'"

"थांब," उकंडराव म्हणाला. "पुना म्हन."

शेषरावाने पुन्हा म्हटलं. म्हाताऱ्याने घरात तोंड करून हाक दिली, "तुळसे, बाहीर ये. तुही आजी आली पाय."

तुळसाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. आजीला तिने कधी पाहिलं नव्हतं, तरी ती पदर सावरून दारात बसली. शेषरावाने उरलेली पानं वाचली. त्या सकाळी त्या ओट्यावर तिघं होते की चौघं, हे सांगणं अवघड. शेषरावाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण दाराच्या आत आहोत.

मग आली निवासातली बैठक. बरणीत घालण्याआधी खर्डा सगळ्यांपुढे वाचायचा, अशी पद्धत होती. दिवेलागणीला ग्रंथालयात सतरंजी अंथरली गेली. दौलतराव तक्क्याला टेकले, नागपूरचे प्राध्यापक आणि दोघे-तिघे बसले. शेषरावाने तोच प्रसंग वाचला. कोणी हसलं नाही, पण प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. त्या चष्मा पुसण्यातली नापसंती शेषरावाला कळत होती.

"छान वाचता," दौलतराव म्हणाले. "एक विचारू? उर्दूत ही बाई अशी बोलते?"

"नाही. उर्दूत ती अगदी खानदानी बोलते."

"मग मराठीत तिला अशी बोलायला लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"ती खरोखरच अशी बोलत होती, दादासाहेब. लेखक स्वतः सांगतात."

"लेखक ओट्यावर बसून काय सांगतात ते मला नको. पुस्तक काय सांगतं ते सांगा." दौलतरावांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "लेखकाने तिला दरबारी केलं, तर ती दरबारीच राहिली पाहिजे. आपलं इमान पुस्तकाशी. त्याने चूक केली असेल तर ती चूकसुद्धा आपण नीट मराठीत आणायची. दुरुस्ती करणारा भाषांतरकार म्हणजे शिधा मोजताना पायली बदलणारा वाणी."

या बोलण्यात काढायला खोट नव्हती, आणि हीच त्यातली खोट. शेषराव म्हणू शकला असता की हे पुस्तक मुळातच भाषांतर आहे. त्याचं मूळ एका बाईच्या तोंडात होतं आणि ती बाई मेली. त्याच्या ओठावर ते आलंही होतं. पण दौलतराव पुढचं वाक्य बोलले, आणि तेही अगदी मायेने.

"आणि तुमचाही विचार करा, शेषराव. पुण्यातला वाचक काय म्हणेल? म्हणेल, या गृहस्थांना शुद्ध मराठी येत नसेल म्हणून असं लिहिलं. आम्हाला ठाऊक आहे तुम्हाला येतं. त्यांना कुठे ठाऊक आहे?"

सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही म्हणतात. शेषरावाने घेतली. त्याने खर्डा गुंडाळला, बरणीत घातला आणि स्वतःच्या हाताने फडकं बांधलं.

तिथून पुढची वर्षं कशी गेली, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. सुट्या लागल्या की शेषराव कामरगावला जायचा आणि परतताना एसटीतून उतरला की उकंडरावाच्या ओट्यावरून जायचा.

"झाली का?" म्हातारा विचारायचा.

"पुढच्या साली, बाबाजी."

"थे पान तरी पुना वाच. मायचं."

"थे बरनीत हाय. वर्षभर उघडता येत नाई."

"लोनचं हाय काय थे?" म्हातारा म्हणायचा आणि हसायचा. पहिल्या वर्षी हसला, दुसऱ्या वर्षी हसला. तिसऱ्या वर्षी त्याला उत्तर नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तो नुसताच शेषरावाच्या तोंडाकडे बघत राहिला. विहारातली सकाळची वंदना त्याला ओट्यावर ऐकू यायची, ती बंद झाली. मग तुळसाबाईच्या हाका बंद झाल्या. दर्ग्याच्या उरुसातले ताशे तेवढे उरले, तेही दुरून यावेत तसे.

शेषरावाला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. एकदा त्याने धीर करून दौलतरावांना विचारलं की लेखकाचे कान चाललेत, एक वर्ष सोडता येईल का? दौलतराव म्हणाले, "कान लेखकाचे आहेत, शेषराव. पुस्तक तुमच्या-माझ्या मागे राहायचं आहे. अर्धवट मुरलेलं देऊन तुम्ही त्यांचाच अपमान कराल." शेषरावाला ते पटलं. पटलं नसतं तर बरं झालं असतं.

कारण खरी गोष्ट अशी की त्याला आता काम आवडायला लागलं होतं. वर्षाने फडकं सोडलं की त्याला जुनी पानं गावंढळ वाटायची, हे आपण लिहिलं? मायची आई झाली. जायची जा झाली. भाकरीची शिदोरी झाली. उर्दूतला प्रत्येक झोक त्याने मराठीत तोलून आणला आणि बैठकीत प्राध्यापक मान डोलवायला लागले. पुन्हा कधी चष्मा पुसला नाही. आणीबाणीतल्या हिवाळ्यात गंगूबाई गेली. तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत आटोपली. शेषराव तेव्हा कामरगावला दुसऱ्या खर्ड्यात बुडाला होता. निरोप मिळून तो पोचला तेव्हा माय बोलायची थांबली होती. तिच्या बोलण्यातलं काही आपल्याला पुढे लागेल, असं त्याच्या मनातही आलं नाही. जे लागत होतं ते तर तो रोज खोडत होता.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत पक्की प्रत झाली. दौलतराव दोन दिवस दार लावून वाचत बसले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "एका अक्षरावर बोट ठेवता येत नाही," ते म्हणाले. शेषराव ज्या वाक्यासाठी पाच वर्षांचा असल्यापासून जगत होता, ते वाक्य त्याला त्या सकाळी मिळालं.

निवासातली पहिलीच खर्ड्याची आंघोळ. निवासातल्या स्वयंपाकीण रुपाबाईने पुरण शिजवलं. राखणदार जगदेवने मागच्या अंगणात बंब मांडला, बरणीतला पहिला खर्डा बाहेर काढला आणि पानं मुठीमुठीने खाली सारायला लागला. शेषराव पंचा लावून उभा होता. एक पान आगीच्या तोंडाशी अडकलं, उलगडलं, आणि त्यावरचं स्वतःचं जुनं अक्षर त्याला दिसलं. हात पुढे करायला वेळ होता. पण सगळे उभे होते, दौलतराव कौतुकाने बघत होते, आणि पंचा लावलेला माणूस आगीतून कागद काढताना कसा दिसेल, याचा शेषरावाने विचार केला. तेवढ्यात पान गेलं. गंगूबाईचं जे काही या जगात उरलं होतं, ते त्या बंबात जळलं आणि तिच्या लेकाने त्यावर आंघोळ केली. पाणी चांगलं कढत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रत छातीशी धरून तो मंगरूळपीरला उतरला. एसटी स्टँडवरून ओट्यापर्यंत तो जवळजवळ पळत गेला. उकंडराव ओट्यावरच होता. शेषरावाने दुरूनच ओरडून सांगितलं, "झाली, बाबाजी." म्हातारा समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहिला.

तुळसाबाई दारात आली. "गनपतीपासून कायीच नाई, मास्तर," ती म्हणाली. "ढोल वाजवला कानापाशी, तरी नाई."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तरी शेषराव ओट्यावर बसला. त्याने प्रत उघडली आणि म्हाताऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडून वाचायला लागला. गल्लीतली माणसं जमली. मास्तर कोणाशी भांडतोय असं त्यांना वाटलं. उकंडराव त्याच्या ओठांकडे बघून हसत होता, मान डोलवत होता, आणि भलत्याच ठिकाणी डोलवत होता. शेवटी त्याने शेषरावाच्या तोंडावर हलकेच हात ठेवला आणि आतून पाटी मागवली.

म्हाताऱ्याशी आता उर्दूत पाटीवर लिहूनच बोलता येत होतं, आणि घरात तसं लिहिणारं कोणी नव्हतं. शेषरावाने लिहिलं, किताब झाली. म्हाताऱ्याने वाचलं, पाटी छातीशी धरली. मग त्यालाच सुचलं.

"डोये हायेत ना माह्ये," तो मोठ्याने म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. "बोली मराठी राहू दे अन् अक्षर उर्दू लिव. मी वाचतो. मनात आयकतो."

शेषरावाला हे आधी का सुचलं नाही, याची त्याला लाज वाटली. आशेचं एक टोक हाती लागल्यासारखं झालं. शाळा सुटल्यावर तो रोज बसून पहिलं प्रकरण उर्दू अक्षरांत उतरवायला लागला. आणि उतरवता उतरवता त्याचा हात जड व्हायला लागला. त्याचे घडीव मराठी शब्द त्या अक्षरांत नीट बसेनात. पाहुण्यांसारखे कडेकडेने उभे राहिले. बोळवणीच्या प्रसंगाशी आल्यावर तो थांबला. पक्क्या प्रतीत लिहिलं होतं: "जा राजा. परक्यांची भाषा आत्मसात कर. मात्र भुकेची वेळ आली, की मला आपल्याच भाषेत साद घाल."

वाक्य निर्दोष होतं. शेषरावाने ते दोनदा वाचलं आणि त्याला रडू आलं. आधी इथे काय होतं? जाय बाप्पा, एवढं आठवत होतं. पुढे? थ्या लोकाइची, का तिकडची? हाक मारजो होतं, का आवाज देजो होतं? जुन्या वाक्यावर नवं वाक्य इतक्यांदा लिहून झालं होतं की खालचं वर येईना. त्याने आपल्या रीतीप्रमाणे डोळे मिटले आणि गंगूबाई कशी म्हणाली असती ते ऐकायचा प्रयत्न केला. गंगूबाई काही बोलली नाही. जिचं तोंड त्याने स्वतः बंद केलं होतं, ती कशी बोलणार? अंदाजाने काहीबाही लिहिण्यापेक्षा पसंत झालेलं बरं, असं म्हणून त्याने पक्की प्रत जशीच्या तशी उतरवली आणि पानं म्हाताऱ्याला नेऊन दिली.

उकंडरावाने ती भिंग लावून वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. तुळसाबाई सांगत होती की बाबा जेवायलाही उठला नाही. शेषराव आला तेव्हा म्हाताऱ्याने पानांची नीट चळत करून मांडीवर ठेवली होती. त्याने शेषरावाला जवळ बसवून घेतलं.

"मास्तर, गाव माहंच हाय," तो म्हणाला. "चूल बी तेच. पोट्टं बी मीच हावो. लय साजरं लिवलं तू. पन हे बाई कोन हाय?"

शेषराव पाटीकडे वळला, पण म्हाताऱ्याचं अजून संपलं नव्हतं.

"बोलते छान. मोठ्या घरची दिसते. माह्या मायच्या चुलीपाशी येऊन बसली बिचारी, अन् तिले भाकर बी बांधता येत नाई." म्हाताऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता. आलेल्या पाहुणीबद्दल बोलावं तसं तो बोलत होता. मग त्याने चळत बाजूला सारली आणि पाटी शेषरावाच्या हातात दिली. "माही माय कवा येते मंग? थ्या सकाळी आली होती तसी. तुळसा पिठाच्या हातानं आली होती बाहीर, आठोते ना तुले?"

शेषरावाने पाटी घेतली. खरं लिहावं असं त्याने ठरवलं. हीच तुमची माय आहे, दुसरी आता नाही, ती होती आणि मी तिच्यावर पाणी तापवलं. पेन्सिल टेकली, पण म्हातारा त्याच्या हाताकडे टक लावून बघत होता, जसा तो इतकी वर्षं एसटीतून उतरणाऱ्या शेषरावाकडे बघत आला होता. शेषरावाने दोनच शब्द लिहिले आणि पाटी फिरवून त्याच्यापुढे धरली. पुढच्या साली.

उकंडरावाने ते भिंगातून वाचलं. जुन्या सवयीने त्याचा हात कानामागे गेला.

"बरं," तो म्हणाला. "थांबतो मंग."